पोरगं दिवसभर पुस्तकात असतं, मग मार्क जातात कुठे?

सप्टेंबरच्या सुमारास अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीचे पेपर वाटून होतात आणि स्टाफरूमच्या दारात पालक दिसू लागतात. माणसं दरवर्षी नवी, प्रश्न तोच. "मॅडम, दहावीला ब्याण्णव टक्के होते हो. आताही दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसलेला असतो, मोबाइलसुद्धा काढून घेतलाय. तरी फिजिक्समध्ये पंचवीसपैकी सात?"

बापाला वाटतं पोरगं अभ्यासाचं सोंग करतंय. पोराला वाटतं आपल्याला डोकंच नाही. माझ्या अनुभवात दोघंही चुकत असतात. पोरगं खरंच बसलेलं असतं आणि डोकंही असतं. गफलत असते ती 'अभ्यास' या शब्दाच्या अर्थात. आपल्याकडे अभ्यास म्हणजे वाचणं, पुन्हा वाचणं, आणि परीक्षा जवळ आली की आणखी एकदा वाचणं. शिकलेली गोष्ट डोक्यात टिकते कशी, यावर जवळजवळ एकशे चाळीस वर्षं प्रयोग चालू आहेत. त्यांतून निघालेलं उत्तर थोडक्यात असं: विज्ञानाचा बराचसा अभ्यास पुस्तक मिटल्यावर सुरू होतो.

दहावीत चाललं ते अकरावीत का अडतं?

२०२५ साली राज्य मंडळाचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. दहावीला विज्ञानाचे ४०-४० गुणांचे दोन लेखी पेपर असतात. धड्याखालचे स्वाध्याय, मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि एखादं 'अपेक्षित' नीट घोटलं की पेपरातले बरेच प्रश्न ओळखीचे निघतात. ओळखीचा प्रश्न दिसला की हात आपोआप लिहायला लागतो. यात मुलांचा दोष नाही. परीक्षा जसं विचारते तसं मुलं शिकतात.

अकरावीला हे गणित बिघडतं. धडे जाड होतात. फिजिक्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या धड्यातच सदिश (व्हेक्टर) आणि कलन (कॅल्क्युलस) डोकावतात, आणि गणिताच्या तासाला ते अजून शिकवलेलंही नसतं. शिवाय पुढे सीईटी, नीट, जेईई उभ्या असतात. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, त्यात वाचणं आलं, विचार करणं आलं आणि गोल काळा करणंही आलं. एमएचटी-सीईटीत सुमारे वीस टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाचा असतो. अकरावीच्या जुलैत शिकलेला धडा जवळपास पावणेदोन वर्षांनी, एप्रिल-मेमध्ये, सूचना न देता समोर येतो. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेलं सकाळपर्यंत धरून ठेवायची कला इथे कामाची नाही.

ओटा लहान, कोठी मोठी

स्वयंपाकघराचा विचार करा. ओट्यावर एका वेळी किती भांडी मावतात? चार, फार तर पाच. कोठीत मात्र वर्षभराचं धान्य राहतं. आपली स्मरणशक्तीही अशीच दोन ठिकाणी काम करते. आत्ता या क्षणी ज्याचा विचार चाललाय ते ठेवायची जागा म्हणजे कार्यकारी स्मृती. हा आपला ओटा. कायमचं साठवलेलं असतं ती दीर्घकालीन स्मृती. ही कोठी. १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ओट्यावर साधारण सात वस्तू मावतात असं म्हटलं होतं. नंतरच्या संशोधकांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. कोठीला मात्र अजून कुणाला भिंत सापडलेली नाही.

आता सासूबाई सुनेला सांगतात, "आमटीला फोडणी दे." मुरलेल्या हाताला ही एकच सूचना आहे. पहिल्यांदाच गॅससमोर उभ्या राहिलेल्या मुलाला मात्र ती सहा-सात सूचनांची यादी आहे: तेल तापव, किती तापलं बघ, मोहरी टाक, तडतडेपर्यंत थांब, हिंग, हळद, कढीपत्ता, आणि काही करपायच्या आत आमटी ओत. त्याचा ओटा तिथेच भरतो. मग "मीठ घातलंस का?" विचारलं की तो गोंधळतो. तो मठ्ठ असतो असं नाही. त्याच्या कोठीत 'फोडणी' नावाचा तयार डबा अजून नसतो, एवढंच.

उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं गणित अकरावीच्या मुलाला असंच गाठतं. वजनाचे दोन घटक करायचे, साइन कुठे आणि कोसाइन कुठे हे आठवायचं, घर्षणाची दिशा ठरवायची, चिन्हं सांभाळायची, ग्रॅमचे किलोग्रॅम करायचे. यातलं एकही कोठीत तयार नसेल तर सगळं ओट्यावर येतं आणि मुख्य प्रश्नाला जागाच उरत नाही.

म्हणून "घोकंपट्टी वाईट, समज महत्त्वाची" हे वाक्य मला अर्धंच पटतं. तीस अंशाचा साइन अर्धा असतो, सोडियमची संयुजा एक असते, या गोष्टी तोंडपाठच हव्यात. "ते गूगलवर मिळतं की" असं मुलं म्हणतात. गूगलवर मिळतं म्हणजे वाण्याच्या दुकानात मिळतं. तेल तापल्यावर मोहरी आणायला कोण जाणार? फक्त पाठ काय करायचं हे कळायला हवं. व्याख्या, चिन्हं, एककं, मूळ सूत्रं पाठ करावीत. चार ओळींत काढता येणारी उपसूत्रं पाठ करणं म्हणजे कोठीत पोळ्या साठवण्यासारखं आहे. त्या रोज ताज्याच लाटाव्या लागतात.

'समजलं' हे फसवं माप

स्कूटरवर मागे बसून तुम्ही मावशीच्या घरी दहा वेळा गेलेले असता. एक दिवस एकट्याने जायची वेळ येते आणि दुसऱ्याच वळणावर कळतं, रस्ता ठाऊकच नाही. प्रत्येक दुकान ओळखीचं वाटतं, पण पुढे डावीकडे की उजवीकडे ते सांगता येत नाही. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. धडा तिसऱ्यांदा वाचताना "हे येतंय मला" असं वाटतं ते ओळखीमुळे. परीक्षा मात्र आठवायला लावते.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी २००६ मध्ये हे तपासलं. विद्यार्थ्यांना विज्ञानविषयक छोटे उतारे वाचायला दिले. काही उतारे दुसऱ्यांदा वाचायचे, तर काहींना दुसरं वाचन नाही: कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढायचं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दुसऱ्यांदा वाचलेले उतारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने चित्र उलटं झालं. फक्त वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. आदल्या रात्री वाचून सकाळी पेपर देणाऱ्याला वाचन का फळतं आणि सीईटीला तेच का दगा देतं, ते या चार आकड्यांत आहे.

याला आपण स्मरण-सराव म्हणू: समोर काही नसताना डोक्यातून बाहेर काढायचं. गंमत अशी की बाहेर काढताना फक्त तपासणी होत नाही, तीच शिकण्याची क्रिया असते. माळरानावरच्या पायवाटेसारखं समजा. वाट नकाशात बघून रुळत नाही, चालूनच रुळते.

करायचं कसं? पेशींचा धडा वाचलात, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर पेशीची आकृती काढा, नावं द्या, प्रत्येक अंगकाचं काम एका ओळीत लिहा. अडलात तर लगेच पुस्तक उघडू नका, दोनएक मिनिटं झगडा. मग लाल पेनाने राहिलेलं भरा. तो लाल पेनाचा कागद म्हणजे तुमची खरी नोट्स. मित्राकडून झेरॉक्स केलेल्या नोट्समध्ये त्याची पायवाट असते. चार रंगांचे हायलायटर वापरून पान होळीसारखं करणाऱ्यांना सांगायला वाईट वाटतं, पण २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं तेव्हा अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाला गेले. वर आले ते स्वतःची चाचणी घेणं आणि उजळणी अंतराने करणं.

अडचण एकच: या पद्धतीत वाईट वाटतं. वाचताना आपण हुशार वाटतो, आठवताना मठ्ठ. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं. गटात बसून स्वतः प्रश्नांशी झगडलेल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं, आणि चाचणीत मात्र त्यांना सुंदर व्याख्यान ऐकलेल्या मुलांपेक्षा जास्त गुण होते. "सर काय भारी शिकवतात, सगळं समजतं" हे क्लासबद्दल ऐकलं की मला थोडी काळजीच वाटते. भाकरी थापताना आईकडेही बघतच राहावंसं वाटतं. पीठ आपल्या हातात आलं की मग भाकरीचा नकाशा होतो.

परवचा कशासाठी होता?

दिवेलागणीला शुभंकरोती झाली की मुलांना ओळीने बसवून परवचा म्हणून घ्यायची पद्धत आपल्याकडे होती. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. जुन्या पिढीतली माणसं साडेतीनची औटकीसुद्धा धडधडा म्हणत. पाटी समोर नाही, पुस्तक नाही, रोज थोडंसं, आणि चुकलं की तिथल्या तिथे कुणीतरी टोकणार. अलीकडे मानसशास्त्राने जे प्रयोगाने दाखवलं त्यातलं बरंचसं त्या ओसरीवर होतं. एक गोष्ट नव्हती: त्या पाढ्याचा अर्थ काय हे सहसा कुणी विचारत नसे.

विसरण्याचं मोजमाप पहिल्यांदा केलं हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने, १८८५ मध्ये. त्याने निरर्थक अक्षरांच्या याद्या केल्या, स्वतःच पाठ केल्या आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी मेहनत लागते ते मोजलं. एका दिवसाने ही बचत साधारण एक तृतीयांशच उरली. महिन्याने ती पाचव्या हिश्शाच्या आसपास होती. म्हणजे घसरण पहिल्या दिवसातच कडेलोटासारखी होते आणि नंतर मंदावते. निरर्थक अक्षरांपेक्षा न्यूटनचे नियम अर्थातच बरे टिकतात, पण उताराचा आकार तोच.

यावर उपाय अंतराने उजळणीचा. एकाच रविवारी चार तास थर्मोडायनॅमिक्स करण्यापेक्षा तेच चार तास चार आठवड्यांत वाटले तर जास्त टिकतं. अंतर किती ठेवायचं हे परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं. २००८ मधल्या एका मोठ्या प्रयोगात, चाचणी आठवड्यावर असेल तर एका दिवसाच्या अंतराने केलेली उजळणी सर्वांत फळली. चाचणी जवळपास वर्षभर लांब असेल तर सुमारे तीन आठवड्यांचं अंतर.

घरी एवढं काटेकोर कुणी करणार नाही, गरजही नाही. आज शिकवलेलं आज रात्री दहा मिनिटं, पुस्तक मिटून. मग रविवारी. मग महिन्याने. कॅलेंडरच्या चौकटीत दूध आणि गॅस सिलिंडर लिहितो तसंच धड्याचं नाव लिहून ठेवायचं. महिन्याने बसल्यावर अर्धं विसरलेलं असेल. घाबरायचं नाही, थोडं विसरल्यावर ओढून काढलेलंच पक्कं बसतं.

मिसळीत तर्री कशाला आणि फरसाण कशाला?

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण गणिताची वही पूर्ण भरलेली असूनही पेपर कोरा जातो त्याचं मूळ बहुधा इथे असतं.

तीन प्रश्न बघा. एक: पाच मीटर उंचीवरून दगड सोडला, जमिनीवर किती वेगाने आपटेल? दोन: पाच मीटर उंच गुळगुळीत घसरगुंडीवरून ठोकळा सुटला, खाली येईल तेव्हा त्याचा वेग किती? तीन: लंबकाचा गोळा सर्वांत खालच्या जागेपेक्षा पाच मीटर वर नेऊन सोडला, तळाशी त्याचा वेग किती? घर्षण आणि हवेचा विरोध सोडून द्या, गुरुत्वत्वरण दहा धरा.

मुलांना गट पाडायला सांगितले की बहुतेक जण तीन गट पाडतात: मुक्त पतन, उतार, लंबक. म्हणजे तीन धडे. जाणकार म्हणतो, हा एकच प्रश्न आहे. तिन्हींत उंचीमुळे असलेली स्थितिज ऊर्जा गतिज होते. दोन गुणिले दहा गुणिले पाच म्हणजे शंभर, त्याचं वर्गमूळ दहा. तिन्हींचं उत्तर सेकंदाला दहा मीटर. ठोकळ्याचं वस्तुमान दिलेलंच नाही आणि ते लागतही नाही, हे कळणं म्हणजे फिजिक्स कळणं. मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हाच फरक नोंदवला होता: नवखे प्रश्नाचं वरचं रूप बघून वर्गवारी करतात, तज्ज्ञ आतलं तत्त्व बघून.

आता आपण सराव कसा करतो? 'उतार' या मथळ्याखालची वीस गणितं सलग. पहिल्या दोनांत पद्धत कळते, उरलेली अठरा फक्त आकडे बदलून. पद्धत निवडायचा प्रश्नच येत नाही, कारण ती वर मथळ्यातच छापलेली असते. नेटमध्ये सलग पन्नास ऑफस्पिन खेळून सामन्यात पहिल्याच चेंडूला यॉर्कर यावा, तसं परीक्षेत होतं.

उलट करून बघा. आजच्या धड्यातली चार गणितं, मागच्या महिन्यातली तीन, जुलैमधली दोन, मथळे झाकून, कसल्याही क्रमाने. याला मी वर्गात मिसळ सराव म्हणते. नाव मुलांच्या लगेच लक्षात राहतं. फ्लोरिडातल्या रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाच्या चार प्रकारच्या गणितांवर हे करून पाहिलं. सरावाच्या वेळी एकेक प्रकार सलग करणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळ करणाऱ्यांची ६०. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर उतरले होते आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर टिकून होते. सरावात जो पुढे तो परीक्षेत पुढे, हा आपला हिशेब इथे सपशेल आपटतो.

एक पथ्य मात्र पाळा. प्रकार अगदी नवा असेल तर सुरुवातीला दोन-चार गणितं सलगच करा. मटकी शिजायच्या आधी मिसळ होत नाही.

"बेसिकच कच्चं असेल तर काय आठवणार?"

रास्त शंका. कोठी रिकामी असताना कोठीतून काढा म्हणणं क्रूरपणा आहे. इथे सोडवलेली उदाहरणं बघायलाच हवीत. नवशिक्यांना नुसती गणितं देण्यापेक्षा आधी सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर ते लवकर शिकतात, हे ऑस्ट्रेलियातल्या स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर दाखवलंय. पण 'बघणं' म्हणजे उत्तर उतरवून घेणं नव्हे. प्रत्येक ओळीला विचारा, ही ओळ इथे का आली? मग उत्तराच्या शेवटच्या दोन ओळी झाकून त्या स्वतः लिहा. पुढच्या उदाहरणात शेवटच्या चार झाका. असं करत करत एक दिवस अख्खं उदाहरण झाकलेलं असतं.

आणि एक चुकांची वही ठेवा. चाचणीचा पेपर मिळाला की मुलं मार्क मोजतात, बेरीज चुकली असेल तर भांडतात आणि पेपर दप्तराच्या तळाशी जातो. त्या पेपरातच तर माल असतो. कुठली ओळ चुकली आणि का, हे दोन वाक्यांत लिहायचं. "सिली मिस्टेक" लिहायला माझ्याकडे बंदी आहे. सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले, असं लिहा. तेच तीनदा लिहिलेलं दिसलं की सिली कोण ते कळतं.

"मराठी किंवा सेमीतून आलोय, इंग्रजीतच अडतं"

ही खरी अडचण आहे आणि तिची थट्टा करणाऱ्यांची मला चीड येते. ओटा आधीच लहान, त्यातली निम्मी जागा इंग्रजी वाक्य उलगडण्यात जाते. पण मराठी शब्द टाकून द्यायची घाई करू नका, कारण ते बरेचदा स्वतःच व्याख्या सांगतात. 'प्रकाशसंश्लेषण' उच्चारताच प्रकाश आणि जोडणी दोन्ही आली. 'वस्तुमान' म्हणजे वस्तूचं मान, किती द्रव्य आहे ते. 'वजन' म्हणजे त्यावर पृथ्वीची ओढ. मास आणि वेट यांत गोंधळणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांनासुद्धा मी हे मराठी शब्द सांगते. सापळे आपल्याकडेही आहेत. रोजच्या बोलण्यात जोर, ताकद, शक्ती, बळ सगळं एकच; फिजिक्समध्ये बल वेगळं, ऊर्जा वेगळी आणि शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, हे तिसरंच.

माझा सल्ला सोपा आहे. आधी मराठीत, मोठ्याने, घरातल्या कुणालातरी समजावून सांगा. मग तेच इंग्रजीत तीन-चार ओळींत लिहा. दर धड्याला साधारण वीस-पंचवीस इंग्रजी संज्ञा असतात. वहीच्या मागच्या पानावर त्यांची जोडयादी करा आणि एक बाजू झाकून स्वतःला विचारा. पहिले दोन-तीन महिने जड जातात. दिवाळीनंतर त्रास बराच कमी होतो.

"सिलॅबसच संपत नाही, हे सगळं कधी करायचं?"

कॉलेज, क्लास, क्लासचा गृहपाठ, येण्याजाण्यात दोन तास. वेळ नाही हे खरंच आहे. म्हणून वेळ वाढवू नका, आतली वाटणी बदला. तासाभरात धडा दोनदा वाचत असाल तर एकदाच वाचा आणि उरलेला अर्धा तास पुस्तक मिटून लिहा. एसटीत किंवा लोकलमध्ये उभ्या उभ्या सकाळच्या तासाला काय झालं ते क्रमाने आठवा. त्याला वही लागत नाही. आणि झोप कापू नका. दिवसभरात ओट्यावर आलेलं कोठीत लावायचं बरंचसं काम झोपेत होतं. रात्री दोनपर्यंत जागून सकाळच्या तासाला पेंगणारं मूल दोन्हीकडून घाट्यात जातं. मोबाइलबद्दल पालकांनी पुरेसं बोलून ठेवलंय. मी एवढंच म्हणेन की तो दुसऱ्या खोलीत असावा, पालथा टेबलावर नको.

"आमचा व्हिज्युअल लर्नर आहे, त्याला व्हिडिओच लागतात" हेही वरचेवर ऐकू येतं. २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या समजामागचा पुरावा तपासला. मुलाच्या 'शैली'प्रमाणे शिकवल्याने तो जास्त शिकतो असं म्हणायला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. आकृती सगळ्यांनाच लागते, कारण हृदयाचे कप्पे शब्दांत मावत नाहीत. व्हिडिओ जरूर बघा, पण दर पाच मिनिटांनी थांबवून आता पुढे काय येईल ते आधी सांगा.

जर्नल उतरवण्याची परंपरा

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिक. हे ३० 'मिळतातच' असं मुलं धरून चालतात आणि वरच्या वर्गातल्या दादाचं जर्नल उतरवतात. मला लंबकाच्या प्रयोगात 'जी'ची किंमत बरोबर ९.८ आणलेली इतकी जर्नल्स दिसलीत की आमच्या गावापुरता निसर्ग फारच काटेकोर असावा.

त्या प्रयोगात खरं शिकायचं काय असतं? वीस आंदोलनांचा वेळ मोजून वीसने भागायला सांगतात. एकाच आंदोलनाचा का नाही? स्टॉपवॉच दाबताना आपल्या बोटाला साधारण पाव सेकंद मागेपुढे होतो. मीटरभर लांबीच्या लंबकाचं एक आंदोलन दोन सेकंदांचं. दोन सेकंदांत पाव सेकंदाची चूक म्हणजे आठवा हिस्सा! तीच चूक वीस आंदोलनांच्या चाळीस सेकंदांत विरघळते आणि एका आंदोलनाच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम ऐंशीवा भाग येतो. हे एकदा हाताने केलेल्या मुलाला अकरावीच्या पहिल्या धड्यातला 'मापनातील त्रुटी' हा भाग वेगळा शिकवावा लागत नाही. प्रयोगाआधी वहीत अंदाज लिहा: लांबी चौपट केली तर आंदोलनकाळ किती होईल? बहुतेक जण चौपट लिहितात. येतो दुप्पट. तो दचका पानभर वाचनापेक्षा जास्त दिवस राहतो.

"आम्हाला यातलं काही कळत नाही, आम्ही काय करणार?"

स्टाफरूमच्या दारातला शेवटचा प्रश्न नेहमी हा असतो, आणि बहुधा हळू आवाजात विचारलेला. मी त्यांना सांगते, जेवणं झाली की फिजिक्सचं पुस्तक तुमच्या हातात घ्या. त्याला समोर बसवा, पुस्तक त्याला दिसू देऊ नका. जो धडा चाललाय त्यातले ठळक अक्षरांतले मथळे एकेक वाचा आणि म्हणा, "हे काय आहे ते मला सांग." इंग्रजी वाचायला अडत असेल तर बोट ठेवून त्यालाच वाचायला लावा आणि पुस्तक पुन्हा आपल्याकडे घ्या. तो सांगतो ते बरोबर की चूक हे तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. तो कुठे अडखळला, कुठे "म्हणजे ते असंच असतं" म्हणून पुढे सरकला, हे भाजीवाल्याची बेरीज तोंडी तपासणाऱ्या कुठल्याही आईला लगेच कळतं. तिथे पेन्सिलीने फुली करा. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा. फुल्यांची पानं आधी उघडू.